जुहूहून हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा नेताना: अर्जापासून प्रिंटपर्यंत

मुंबईत हेलिकॉप्टरच्या सफरीला मोबाईल घेऊन जाणं सोपं आहे. मोठा कॅमेरा, जास्तीची लेन्स आणि ‘हे फोटो मी चार लोकांना दाखवणार आहे’ हे वाक्य सोबत घेतलं की मात्र कागदपत्रं सुरू होतात. हे सगळं करताना मला मराठीत कुठेच सलग माहिती सापडली नाही. कुणाला फोन करायचा, काय विचारायचं, किती थांबायचं, कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवायचं, सगळं तुकड्यातुकड्यांत गोळा करावं लागलं. म्हणून ते इथे क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझं आजोळ वरळी कोळीवाड्यातलं. कोस्टल रोडचं काम सुरू झाल्यापासून तिथली किनाऱ्याची रेषा डोळ्यांदेखत बदलत गेली. कोस्टल रोड आणि सी लिंक यांना जोडणाऱ्या पुलाखालून होड्या नीट जाता याव्यात म्हणून कोळी बांधवांनी खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. मागणी १६० मीटरची होती, मूळ आराखड्यात ६० होतं, आणि शेवटी १२० मीटरवर तोडगा निघाला. या भांडणात आमच्या घरातली माणसं बैठकांना जात होती. बैठकीत नकाशे दाखवले जात, पण पाण्याखालचे खडक आणि होड्यांची वाट त्या नकाशांवर नसायची. ओहोटीला वरून फोटो काढला तर ते सगळं दिसेल, हे डोक्यात बसलं. जुहू मोरागाव, खारदांडा, चिंबई, माहीम आणि वरळी, असे ओळीने पाच कोळीवाडे ओहोटीच्या वेळी वरून टिपायचे, एवढंच काम होतं.

पहिला विचार अर्थातच ड्रोनचा आला. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरचा पट्टा लाल असतो, त्यापुढच्या पिवळ्या पट्ट्यातही हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, आणि त्यावर मुंबई पोलिसांचे ड्रोन-पॅराग्लायडरबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात. आमच्या पाचांपैकी पहिले कोळीवाडे तर थेट विमानतळाच्या अंगणातच. तो मार्ग मी सोडला. हेलिकॉप्टरचा खर्च मामेभावंडांनी मिळून करायचा ठरवला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या आधी, मी फोन करायला सुरुवात केली. जुहूहून जॉयराइड (माणशी सीट घेऊन करायची छोटी सफर) आणि चार्टर (अख्खं हेलिकॉप्टर भाड्याने) देणाऱ्या कंपन्या आहेत, शिवाय मधले एजंटही आहेत. एका एजंटाने फोनवर “मॅडम, कॅमेरा काय, काहीही आणा” असं सांगितलं. ते लेखी द्या म्हटल्यावर उत्तरच आलं नाही. दुसरीकडून लेखी आलं, पण ते ‘फक्त मोबाईल, लेन्स बदलता येणारा कॅमेरा नाही’ असं होतं. तिसऱ्या कंपनीतल्या बाईंनी मात्र आधी मला एक प्रश्न विचारला, “फोटो कशासाठी हवेत?” सगळं या प्रश्नावर अवलंबून असतं, हे मला तेव्हा समजलं.

विमान नियम १९३७ मधला नियम १३ सांगतो की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून फोटो काढायचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, लेखी परवानगी हवी. मग आपण सगळे विमानाच्या खिडकीतून ढगांचे फोटो काढतो ते कसे? त्यासाठी २००४ साली दिलेली सवलत आहे, आणि सप्टेंबर २०२० मध्ये डीजीसीएने तिचा पुन्हा खुलासा केला होता. पण ती सवलत नियमित विमानसेवेच्या प्रवाशांसाठी आहे. जॉयराइड आणि चार्टरचं हेलिकॉप्टर नियमित सेवेत बसत नाही. आठवण म्हणून दोन फोटो काढणाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही, पण मला फोटो छापून गावात लावायचे होते, बैठकीत दाखवायचे होते. त्या बाई स्पष्ट म्हणाल्या, “ताई, तुम्ही खरं कारण सांगितलंत ते बरं केलंत. आपण रीतसर परवानगी काढू. वेळ लागेल.” तुमचाही हेतू आठवणीच्या फोटोपलीकडचा असेल तर तो पहिल्याच फोनवर सांगा. नंतर सांगितलं तर कंपनीलाही अडचण आणि तुम्हालाही.

अर्ज कंपनीमार्फतच गेला. माझ्याकडून त्यांनी मागितलं ते असं: उद्देश सांगणारं एक पानी पत्र, विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि पत्ता, हवा असलेला मार्ग नकाशावर आखून, तारखांचा पट्टा, आणि कॅमेऱ्यांची यादी, मॉडेल व सीरियल नंबरसकट. शेवटच्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. सीरियल नंबर एकदा यादीत गेला की आयत्या वेळी भाड्याने आणलेला दुसरा कॅमेरा चालत नाही. माझा विचार एक बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, भाड्याने घ्यायचा होता, तो सोडून मामेभावाचा कॅमेरा यादीत घातला. लेन्सचे नंबर आमच्याकडे मागितले नाहीत, त्यामुळे लेन्स पुढे भाड्याने घेता आली.

मार्गाबद्दलही तिथेच बोलणं झालं. मला मनापासून ससून डॉक हवा होता. त्या बाईंनी समजावलं की कुलाब्याच्या बाजूला नौदलाचा परिसर आहे, ते नाव अर्जात घातलं तर सगळाच अर्ज रेंगाळेल. मग मार्ग ठरला तो जुहूहून समुद्रावरून हाजी अलीपर्यंत आणि तसंच परत. ससून डॉक सुटल्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण जे मिळण्यासारखं आहे ते आधी पदरात पाडून घ्यावं, असं मामाचं म्हणणं पडलं आणि मी ते ऐकलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर अर्ज गेला. मग थांबणं. मधे एकदा माझ्या पत्रातला ‘सर्वेक्षण’ हा शब्द बदलून द्यायला सांगितलं गेलं, कारण हवाई सर्वेक्षणाच्या परवानग्यांचं प्रकरण वेगळं आणि मोठं असतं. मी ‘किनाऱ्याची स्थिरचित्रं, गावातल्या प्रदर्शनासाठी’ असं लिहून दिलं, जे खरंही होतं. डिसेंबर तसाच गेला. त्यात १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. आमचा अर्ज जुन्या कायद्याखालचा, आता काय होणार, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही. कंपनीने सांगितलं की १९३७ चे नियम चालूच राहणार आहेत, काळजी करू नका. परवानगीचं पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात आलं. अटी ठळक होत्या: ठरलेला मार्ग, ठरलेली माणसं, ठरलेले कॅमेरे, संरक्षण विभागाची आणि विमानतळाची कुठलीही जागा चित्रात नको, आणि प्रदर्शनाआधी फोटोंचा संच तपासणीसाठी द्यायचा.

आता पैशांचं. आम्ही संपूर्ण हेलिकॉप्टर अर्ध्या तासासाठी घेतलं. माणशी सीटवर मिळणाऱ्या जॉयराइड खूप स्वस्त असतात, पण त्यात मार्ग, वेळ आणि सीट यातलं काहीच आपल्या हातात नसतं. आमचे झाले ६५,००० रुपये, वर चार्टरवरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७६,७००. कोटेशन आलं की तीन गोष्टी विचारून घ्या. विमानतळाचं शुल्क त्यात धरलंय का, अर्धा तास इंजिन सुरू झाल्यापासून मोजणार की उड्डाणापासून, आणि हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की फक्त तारीख बदलून. आमच्याकडे उड्डाणापासून मोजायचं आणि हवामानासाठी तारीख बदलून मिळेल असं ठरलं. हे दोन्ही पुढे कामाला आलं.

तारीख कशी ठरवली ते मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण फोटोंचं अर्धं यश तिथेच असतं.

खडक दिसायला हवेत तर मोठी ओहोटी हवी, म्हणजे उधाणाचे दिवस, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे. मामाला भरतीचं वेळापत्रक लागत नाही. तिथीला पाऊणपट केलं की भरतीचा तास निघतो, हा जुना हिशेब तो बोटांवर करतो. त्रयोदशी म्हणजे तेराची पाऊणपट, पावणेदहा. साधारण त्या सुमारास भरती, थोडी मागेपुढे, आणि सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या दोन दिवस आधी दुपारी चार-साडेचारला पाणी खाली. मी छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं आणि मामाचा आकडा अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर आला.

आणि दुपारी चारच का हवे, सकाळी का नको? मुंबईचा हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हेलिकॉप्टर समुद्रावरून जातं आणि आपण पूर्वेला, शहराकडे पाहतो. सकाळी सूर्य शहराच्या मागे असतो, त्यात थंडीतल्या सकाळचा धूर आणि धुकं जमिनीलगत साचलेलं असतं. समोरून उजेड आणि मधे धुरकट पडदा, म्हणजे फोटो पांढरट येणारच. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, हवा थोडी मोकळी होते आणि सूर्य आपल्या पाठीशी येतो. पॅकेज विकणारे ‘सकाळची शांत हवा’ सांगतात. ती बसायला छानच असते, पण या किनाऱ्याचे फोटो काढायचे असतील तर दुपारचीच वेळ मागा.

पौष पौर्णिमा १३ जानेवारीला होती, म्हणून ११ तारीख धरली. त्या दुपारी आम्ही जुहूला पोचलो तेव्हा दृश्यमानता इतकी कमी होती की समुद्राकडची इमारतही पुसट दिसत होती. तासभर वाट पाहून पायलटने नकार दिला. मामाने त्यांना हात जोडून “बरोबर केलंत, आम्ही पण असल्या हवेत होडी लोटत नाय” असं म्हटलं. पुढचं उधाण अमावास्येचं, पण त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हणजे प्रजासत्ताक दिनाचा काळ, त्या दिवसांत कंपनी आम्हाला वेळ देऊ शकत नव्हती. मग थेट माघी पौर्णिमा. १० फेब्रुवारी, सोमवार. परवानगीतला तारखांचा पट्टा आम्ही फेब्रुवारीअखेरपर्यंत मागितला होता म्हणून निभावलं. तुम्हीही पट्टा ऐसपैस मागा.

मधल्या काळात सामानाची तयारी केली. पायलटशी फोनवर बोलायला मिळालं, त्यांनी फार मोलाचं सांगितलं. दारं बंदच राहणार, फोटो खिडकीतूनच. खिडकी काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते, थोडी वक्र, आणि तिच्यावर बारीक ओरखडे असतात. म्हणून लांब पल्ल्याची लेन्स नको. ७०-२०० मिलिमीटरची लेन्स मी घरीच ठेवली. दिवसाला हजार रुपये भाड्याने २४-७० घेतली, ती माझ्या कॅमेऱ्याला. भावाच्या कॅमेऱ्यावर त्याची १८-५५. वर लेन्स बदलायचीच नाही, एक कॅमेरा एक लेन्स. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, काढून टाकला, कारण अ‍ॅक्रिलिकमधून त्याने इंद्रधनुषी पट्टे उमटतात. साधा यूव्ही फिल्टरही काढला. रबरी हूड घेतलं, तीन-चारशे रुपयांचं, ते खिडकीच्या जवळ धरलं की आतलं प्रतिबिंब बरंच कमी होतं. पण हूड किंवा लेन्स खिडकीला टेकवायची नाही. टेकवली की हेलिकॉप्टरची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. कोपर अंगाला आणि कॅमेरा हवेत, बोटभर अंतर ठेवून.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि काळे. हे तिघांनाही सांगितलं होतं, कारण शेजारच्याचा पांढरा शर्ट तुमच्या खिडकीत दिसतो. मामाने लग्नातला काळा कोट घातला.

सेटिंगचा सराव मी बेस्टच्या एसी बसच्या खिडकीतून केला. तिथेही बंद खिडकी, थरथर आणि सरकणारं दृश्य. शटर १/१६०० च्या खाली येऊ द्यायचं नाही, छिद्र एफ ५.६, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२०० ची घालून, सलग फोकस, रॉ फाइल (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फोकसचा बिंदू मधला एकच ठेवला. कॅमेऱ्याला मोकळीक दिली की तो ओरखड्यांवर फोकस धरतो. नवीन कार्ड घातलं, बदलायची वेळ येऊ नये म्हणून मोठं. बॅटऱ्या प्रत्येकी दोन, सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या शंभर वॉट-तासांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात, तो प्रश्न येत नाही, पण सुटी बॅटरी जवळच्या बॅगेत ठेवायची.

१० फेब्रुवारीला आम्ही दुपारी अडीचलाच जुहूला पोचलो. वेळ पावणेचारची होती. गेटवर नावांची यादी, ओळखपत्रं, मग सामानाची तपासणी. परवानगीपत्राच्या तीन छापील प्रती नेल्या होत्या आणि तिन्ही लागल्या. एक गेटवर पाहायला, एक सुरक्षेच्या टेबलावर, एक पायलटकडे. मोबाईलवर दाखवू असं धरून जाऊ नका. तपासणी करणाऱ्या हवालदारांनी दोन्ही कॅमेरे चालू करून दाखवायला सांगितले, तळाचा सीरियल नंबर पत्राशी जुळवला आणि रबरी हूड हातात फिरवून “हे काय?” विचारलं. समजावल्यावर हसून परत दिलं. सेल्फी स्टिक आणि मोनोपॉडला आधीच मनाई होती.

मग वजन. माणसाचंही आणि बॅगेचंही, वेगवेगळं. फोनवर सांगितलेलं वजन चालत नाही, तिथे काट्यावर उभं राहावंच लागतं, कारण कोण कुठे बसणार ते त्यावरून ठरतं. आमचं हेलिकॉप्टर बेल ४०७ होतं. आत मागे तीन सीट पुढे तोंड करून, त्यांच्यासमोर दोन सीट मागे तोंड करून, आणि पुढे पायलट उजवीकडे. मी आधीच विनंती केली होती की मला मागची डावी खिडकी हवी. दक्षिणेकडे जाताना शहर डावीकडे असतं, येताना उजवीकडे. उडताना जागा बदलता येत नाही. म्हणून जाताना डावीकडून मी, येताना उजवीकडून भाऊ, अशी वाटणी केली होती. मामा माझ्यासमोर उलट्या तोंडाच्या सीटवर, डाव्याच खिडकीशी. वजनांत ते बसलं. एकटेच फोटो काढणार असाल तर जाताना हवं की येताना ते आधी ठरवा, आणि पायलटला सांगा.

थांबायच्या खोलीत अर्धा तास गेला. हे १९२८ चं विमानतळ, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले होते. आज इथून मुख्यतः बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं दिसतात. त्यातली काही समोरच उभी होती आणि हात शिवशिवत होता, पण कॅमेरा बॅगेतच ठेवला. उड्डाणातल्या फोटोंची परवानगी म्हणजे विमानतळावरच्या फोटोंची परवानगी नव्हे. पायलटने सांगितलं तेव्हाच, हवेत गेल्यावर, बॅगेची चेन उघडायची हे ठरलं होतं.

सूचना थोडक्यात आणि कडक. हेलिकॉप्टरकडे पुढून, पायलटला दिसत जायचं, शेपटीकडे अजिबात नाही. टोपी, ओढणी, सुटा कागद काही नको. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, बॅग छातीशी, हात डोक्याच्या वर नाही. माझी ओढणी मी गाडीतच ठेवून आले होते. हेडफोन चढवले आणि मामाचा आवाज कानात आला, “आयकू येतंय काय?” येत होतं. बोलताना माईक ओठाला लागला पाहिजे, नाहीतर नुसता आवाजाचा गोंगाट.

उड्डाण झालं आणि जुहूची पुळण खाली आली. पायलटने अंगठा दाखवला, मी कॅमेरा काढला. मोरागावच्या होड्या वाळूवर ओळीने चढवलेल्या. त्यांच्या सावल्या पूर्वेला लांब पडल्या होत्या आणि त्या सावल्यांमुळेच होडीचा आकार वरून कळत होता. खारदांडा इतक्या चटकन गेला की मला जेमतेम आठ-दहा फ्रेम मिळाल्या. चिंबईला काळ्या खडकांचा पट्टा पाण्याबाहेर आला होता, मधे मधे पाण्याची डबकी चकाकत होती. वांद्र्याचा किल्ला, मग एकदम मोकळं माहीम. मिठी नदी समुद्राला मिळते तिथलं काळपट पाणी आणि बाहेरचं हिरवट पाणी यांची सीमा वरून स्पष्ट दिसते, कातरलेल्या काठासारखी. ओहोटी असल्यामुळे ते काळं पाणी समुद्रात दूरपर्यंत गेलेलं होतं. माहीम कोळीवाड्याचे लोक हे पाणी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तो फोटो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सी लिंक उजवीकडून येईल असं मला वाटलं होतं, पण पायलटने समुद्राकडून वळसा घेतला आणि ५.६ किलोमीटरचा तो पूल माझ्याच खिडकीत आडवा आला. त्याच्या पलीकडे वरळी किल्ला, खालची कौलं आणि पत्रे, आणि क्लीव्हलंड बंदर.

इथे मामाने बोलायला सुरुवात केली. उलट्या तोंडाने बसल्यामुळे त्याला गेलेली जागा जास्त वेळ दिसत राहायची. “ती बघ, काळी रेघ. दोन खडकांच्या मधून. तीच वाट.” मला आधी दिसेना. मग दिसली: फिकट, खडकाळ उथळ पाण्यात एक गडद पट्टी, बंदरातून निघून जोडपुलाच्या धनुष्यासारख्या कमानीच्या दिशेने वळलेली. पन्नास वर्षं तो ती वाट किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून चालवत आला होता, एक झाड, एक इमारतीचा कोपरा. झाड आता नाही. आज ती अख्खी वाट त्याला एका नजरेत दिसत होती आणि तो हेडफोनमध्ये सलग बोलत होता, कुठे पाणी किती, कुठला खडक भरतीला बुडतो, कुठे कुणाची होडी लागली होती. मी शटर दाबत होते आणि भाऊ मोबाईलवर त्याचं बोलणं टिपायचा प्रयत्न करत होता. हेडफोनमधलं बोलणं मोबाईलवर नीट येत नाही. ज्यांना असं काही जपायचं असेल त्यांनी कंपनीला इंटरकॉमच्या ध्वनिमुद्रणाबद्दल आधी विचारावं, आणि ते उपकरणही यादीत घालावं.

पायलटला मी एक फेरी जास्त मागितली. त्यांनी हवाई नियंत्रणाशी बोलून वरळीवर एक वळण दिलं. २६ जानेवारीला उत्तरेकडे जाणाऱ्या जोडपुलाचं लोकार्पण झालं होतं, त्यावरून गाड्या जात होत्या आणि खाली, त्याच कमानीतून, एक होडी परत येत होती. पूल, होडी आणि पाण्यातली गडद वाट, तिन्ही एका फ्रेममध्ये आलं.

हाजी अलीला दर्ग्याची पायवाट ओहोटीने पूर्ण उघडी होती, माणसांची रांग दिसत होती. तिथून वळलो. आता पाळी भावाची. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदा नुसतं पाहिलं. परतताना वांद्र्याच्या पुढे आम्हाला समुद्रावर थांबवलं गेलं. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेला उडणारी विमानं जुहूवरूनच समुद्रावर येतात, त्यामुळे जुहूला उतरायचं ते त्यांच्या मधल्या फटीत. चारेक मिनिटं गोल फिरण्यात गेली. ती आपल्या अर्ध्या तासातूनच जातात, तेव्हा हवे ते फोटो येतानावर ठेवू नका. भरपूर पाणी पिऊन आणि दुपारी जड जेवूनही जाऊ नका. त्या गोल फिरण्यात डोळा कॅमेऱ्याला लावून बसलं की मळमळतं. भावाला मळमळलं, त्याने क्षितिजाकडे पाहत राहून निभावलं.

घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती केल्या. जवळपास निम्मे फोटो प्रतिबिंबामुळे किंवा हलल्यामुळे गेले, हे धरून चला आणि वर असताना जास्तच काढा. धुरकटपणा रॉ फाइलवर बराच काढता आला. निळसर छटा खिडकीची असते, ती पांढऱ्या समतोलाने (व्हाइट बॅलन्सने) जाते. अटीप्रमाणे निवडलेल्या फोटोंचा संच, प्रत्येकाखाली जागेचं नाव लिहून, कंपनीमार्फत दिला. दोन फोटोंच्या कोपऱ्यात जुहूची धावपट्टी येत होती, ते मी स्वतःच काढले. उत्तर यायला मार्चचा पहिला आठवडा उजाडला. सगळे मंजूर.

होळीच्या आधी कोळीवाड्यात मोठ्या प्रिंट लावल्या. वरळीची प्रिंट सगळ्यांत मोठी, आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक लावून बाजूला मार्कर ठेवला, खडकांची नावं लिहायला. पहिल्याच संध्याकाळी दोन खडकांवरून म्हाताऱ्यांचा वाद झाला आणि एका खडकाला तीन नावं लागली. तिन्ही मी वहीत घेतली आहेत. त्या प्रिंटची प्रत पुढच्या बैठकीला मंडळाने नेली.

आता वेसावे आणि मढची मंडळी विचारत आहेत. मार्ग वेगळा, माणसं वेगळी, म्हणजे अर्ज नवा. सीरियल नंबर, नकाशा आणि तारखांचा ऐसपैस पट्टा, सगळं घालून तो गेल्या आठवड्यात कंपनीकडे दिला आहे.